वृषालीमॅडमचा माणूस

वृषाली कळंबे पहाटे पावणेपाचला उठायची आणि साडेपाचच्या आत एका पुरुषाशी बोलायला बसायची. तो पुरुष तिनंच तयार केलेला होता. सौंसरमधल्या तिच्या गल्लीला मात्र हे ठाऊक नव्हतं, आणि एकट्या बाईबद्दल जे ठाऊक नसतं ते भरून काढण्यात कोणतीच गल्ली मागे राहत नाही.

वय सत्तेचाळीस. पांढुर्णा रस्त्यावरच्या एका गावात, सरकारी शाळेत ती गणित शिकवायची. दिवसभर हिंदीत भागाकार, गल्लीत आपली वऱ्हाडी, आणि पहाटे वहीत शुद्ध मराठी, असा तिचा तीन भाषांचा संसार होता. दुसरा संसार झाला नाही. नोकरी लागली त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले. ते गेले, मग धाकट्या भावाचं, गजेंद्रचं शिक्षण, मग आईचं दुखणं. स्थळं येत होती तोवर घरात कुणाला सवड नव्हती, आणि सवड झाली तेव्हा स्थळं यायची थांबली होती. यात कुणाचीच चूक नव्हती, असं ती म्हणायची. निदान दोघांची तरी होती, पण ते जाऊ द्या.

तिला प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायच्या होत्या. गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून. गेल्या वर्षी पहिली कादंबरी तिनं नागपूरच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. ती परत आली आणि सोबत चार ओळींचं पत्र आलं. कथानक ठीक आहे, पण तुमचा नायक जिवंत वाटत नाही. त्याचे संवाद मोठ्यानं म्हणून पाहा. पुढच्या वर्षी नोव्हेंबरअखेरपर्यंत नवी कादंबरी पूर्ण करून पाठवलीत तर नक्की वाचू.

गणिताची बाई ती. सांगितलेली पायरी गाळणं तिच्या रक्तात नव्हतं. नवी कादंबरी सुरू झाली आणि तिनं संवाद मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली.

पहाटे उठून घर झाडायचं, चहा ठेवायचा आणि कप घेऊन खिडकीपाशी टेबलाला बसायचं. समोर एक रिकामी खुर्ची. लांब वहीच्या शेवटच्या पानावर तिनं पट्टीनं रेघा मारून तक्ता केला होता. कितव्या प्रकरणात काय घडतं आणि त्याला किती पानं, सगळं मांडलेलं. सातव्या प्रकरणात हात धरणं, पानं तीन. प्रत्यक्षात हात धरणं दीड पानात उरकलं, तेव्हा ती पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिली. उरलेल्या दीड पानात त्या दोघांनी काय करावं, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

नायक चेतन. बेचाळीस वर्षांचा, पुण्याहून इकडच्या मँगनीजच्या खाणीवर सर्व्हे करायला आलेला. नायिका मृणाल, एकोणचाळीस वर्षांची, भावाच्या संत्र्यांच्या बागेचा हिशेब पाहणारी. वय कमी कर, असं कुणी म्हटलं असतं तर वृषालीनं ऐकलं नसतं. पण म्हणायला होतं कोण?

"मृणाल, तुम्ही माझ्याशी बोलताना नेहमी दाराकडे का पाहता?" ती चेतनचा आवाज काढून रिकाम्या खुर्चीला विचारायची.

"दार उघडं आहे म्हणून," असं मग आपल्या आवाजात उत्तर द्यायची, आणि जमलं की लिहून टाकायची. साडेसातला वही कपाटात जायची, नऊला बस. रात्री जेवण झालं की दिवा बंद. मध्ये कुणाशी बोलणं झालं तर ते गुणाकाराविषयी किंवा पगारवाढीविषयी.

ऑक्टोबरच्या शेवटी तिला सर्दी झाली आणि घसा असा बसला की फोनवर गजेंद्रनं "कोण बोलून राहिलं?" म्हणून विचारलं. तिला वाईट वाटलं नाही. चेतनचा आवाज आता कसा भरदार लागत होता! वर्षभर त्याच्या आवाजात कुठंतरी बाई डोकवायची, ती एकदाची गेली. त्या आठवड्यात तिनं दोन प्रकरणं लिहिली.

त्याच आठवड्यात शेजारच्या कलाबाई पहाटे अंगण झाडता झाडता थांबू लागल्या. दोन्ही घरांची भिंत एकच. कलाबाई पासष्टीच्या, नवरा जाऊन वर्षं झालेली, आणि कान एकदम तयार.

वृषालीला आधी काही उमगलं नाही. बसमध्ये सोबतची वैशालीमॅडम खिडकीची जागा द्यायला लागली आणि "ताई, आजकाल चेहऱ्यावर तेज आहे हं" म्हणाली. सर्दीनं नाक लाल झालंय, हे तेज कसलं, असं वृषालीला वाटलं. अकरा वर्षं न विचारता पाव लिटर दूध ओतणारे नत्थूजी एका सकाळी माप हातात धरून थांबले. "मॅडमजी, पाव पुरते का आता?"

"का नाही पुरणार?"

"नाही, म्हटलं विचारून पाहावं," असं म्हणून त्यांनी दारातल्या चपलांकडे नजर टाकली. तिथं तिचेच दोन जोड होते.

शेवटी कलाबाईंनीच नळावर गाठलं. "सांग न व. मी काही कोनाले सांगत नाही. कुठचा आहे? बोलणं तं पुण्याकडचं वाटते."

"कोण, कलाबाई?"

"आता मलेच विचारते! सकायी साडेपाचले कोन बोलते मंग तुह्या घरात, रेडिओ?"

वृषालीनं बादली तशीच उचलली, घरात आली, दार लावलं आणि पदर तोंडात कोंबून हसली. कितीतरी वर्षांनी इतकी हसली. नायक जिवंत वाटत नाही म्हणे! अख्खी गल्ली त्याला दूध पाजायला निघाली होती. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणता प्रकाशक देणार होता?

हसू ओसरल्यावर आरशासमोर केस विंचरताना दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. लोकांचा विश्वास बसला होता. वृषालीमॅडमकडे कुणी येऊ शकतं, पहाटे तिच्याशी बोलत बसू शकतं, हे लोकांना शक्य वाटलं होतं. गेल्या वीस वर्षांत तिच्याविषयी असं कुणालाच वाटलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. हे तिला फार लागलं, आणि आवडलंही.

खरं म्हणजे तेव्हाच जाऊन कलाबाईंना वही दाखवायची. दोन मिनिटांचं काम होतं. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी माप धरलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "अर्धा द्या."

नत्थूजींनी अर्धा लिटर ओतलं. पुढचे नऊ दिवस ती अर्धा लिटर दूध घेत होती. दही लावलं, कढी केली, एकदा खीर केली आणि तीही एकटीनंच संपवली. शाळेत शिक्षकांच्या खोलीत ती आली की बोलणं थांबायचं. आधी ती आली काय अन् गेली काय, कुणाचं बोलणं थांबत नसे. नव्या साडीला तिनं फॉल लावून घेतला. कादंबरी धावत होती. सतरा प्रकरणं झाली, उरलं फक्त शेवटचं. त्यात चेतन मृणालच्या दारात येतो आणि तिचा भाऊ विचारतो, हा कोण?

आणि त्याच रविवारी गजेंद्र आला. सकाळी आठला मोटरसायकल थांबली. लोधीखेड्याच्या आपल्या बागेतली संत्र्यांची पिशवी त्यानं खाली ठेवली, पण हात लगेच धुतले नाहीत. आधी आतल्या खोलीत डोकावला, मग मागच्या दाराकडे जाऊन आला. वाळत घातलेल्या कपड्यांकडेही त्यानं पाहिलं.

"ताई, सरळ सांग मले. कोण आहे तो?"

"कोण?"

"लोधीखेड्यापर्यंत आली आहे गोष्ट. मी काही भांडाले नाही आलो. फक्त सांग, कुठचा आहे, काय करते. या वयात हे काय काढलं तू? उर्वशीच्या माहेरी मी काय तोंड दाखवू?"

आहे म्हणावं, असं तिला वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं. बेचाळीस वर्षांचा आहे, खाणीवर सर्व्हे करतो, माझ्याशी अदबीनं बोलतो. पण मग गजेंद्रनं आडनाव विचारलं असतं, गाव विचारलं असतं, भेटव म्हणाला असता. तिनं कपाटातून वही काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

गजेंद्रची शाळा हिंदीतली. त्यानं बोट ठेवून ठेवून एक पान वाचलं, मग दुसरं. दाराकडे पाहण्याचा तो संवाद होता.

"हे तूच बोलून राहिली होती?"

"हो."

"दोघांचंही?"

"दोघांचंही. घसा बसला होता माझा."

"म्हणजे कोणी नाही?"

"नाही."

"नक्की न, ताई?"

"कोणी नाही, गजू."

"बरं झालं बाप्पा!" म्हणत त्यानं असा श्वास सोडला की त्याचे खांदे दोन बोटं खाली आले. मग तो हसत सुटला. हात धुतले, पोहे मागून घेतले, दोनदा वाढून घेतले. खाता खाताच उर्वशीला फोन लावला. "काही नाही व. कोणी नाही. पुस्तक लिहून राहिली ताई. हो न, तीच बोलते सगळं. नाही, नाही, कोणीच नाही." पोह्यांवर शेव घालत वृषाली ऐकत होती. मग अंगणात जाऊन त्यानं भिंतीवरून कलाबाईंनाही सांगितलं. "मावशी, टेन्शन घेऊ नका जी. कोणी नाही तिचं."

"अव माय," कलाबाई म्हणाल्या. "मले तं वाटलं, बरं झालं पोरीचं." आणि झाडू घेऊन आत गेल्या.

गजेंद्र वाईट नव्हता. जाण्याआधी त्यानं मोरीतला गळका नळ दुरुस्त केला, पुढच्या महिन्यात एका शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला सगळे मिळून जाऊ म्हणाला, आणि गाडीला किक मारता मारता एक गोष्ट कबूल करून घेतली. "लिही न तू, कोण नाही म्हणते? पण मोठ्यानं नको बोलत जाऊ. मनात बोल. लोकांले काय मालूम राहते?"

तिनं शब्द दिला. तो गेल्यावर संत्री टोपलीत काढताना तिला रडू आलं. भाऊ रागावला असता तर तिला इतकं लागलं नसतं. तिच्या आयुष्यात कुणी नाही याचा कुणाला इतका आनंद होईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी नत्थूजींनी न विचारता पाव लिटर ओतलं. तिनं ते तसंच आत नेलं. वैशालीमॅडम बसमध्ये पुन्हा खिडकीशी बसली. शिक्षकांच्या खोलीत ती आली तरी बोलणं चालूच राहिलं.

आणि चेतन मुका झाला. रोज पहाटे ती वहीपुढे बसायची, ओठ मिटून. दारात चेतन उभा, समोर मृणालचा भाऊ, मध्ये मृणाल. भाऊ विचारतो, हा कोण? मृणालला उत्तरच सुचेना. 'हे माझे स्नेही आहेत,' असं तिनं लिहिलं आणि खोडलं. 'यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे,' हेही खोडलं. 'तू गैरसमज करून घेऊ नकोस,' हे खोडताना पेनाची निब कागदातून आरपार गेली. पाच पहाटा अशा गेल्या. महिना संपायला तीन दिवस उरले. आता ही कादंबरी राहिली तर पुन्हा वर्षभर खुर्चीशी बोलायचं बळ आपल्यात उरणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं.

सहाव्या पहाटे तिनं चहाचा कप खाली ठेवला, उठली आणि खिडकी सताड उघडली. भिंतीपलीकडे कलाबाईंचा झाडू चालू होता.

"ताई, सरळ सांग मले," ती मोठ्यानं म्हणाली. आवाज गजेंद्रचा, बोलीही त्याचीच. "कोण आहे हा?"

मग ती मृणालच्या जागी उभी राहिली.

"माझा माणूस आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी आला आहे."

झाडू थांबला. पुस्तकाचं कळलेलं असलं तरी याचा काय अर्थ काढला जाईल आणि तो लोधीखेड्याला कोणत्या दिवशी पोचेल, हे वृषालीला नीट ठाऊक होतं. गजेंद्र पुन्हा येईल, तेही ठाऊक होतं. पहिल्या वेळी 'माझा'वर पुरेसा जोर आला नव्हता, म्हणून तिनं ते वाक्य पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं म्हटलं. मग बसून लिहून काढलं. एकही अक्षर खोडावं लागलं नाही.

फाटकाशी नत्थूजींची सायकल वाजली. त्यांनी पाव लिटरचं माप कॅनमध्ये बुडवलं होतं.

"अर्धा," वृषाली म्हणाली.

नत्थूजींनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या चपलांकडे, आणि दुसऱ्यांदा माप भरलं. भांडं घेऊन ती आत आली. घरात कुणी नव्हतं. तिनं दूध गॅसवर ठेवलं, आणि आता चेतन काय म्हणतो ते ऐकायला बसली.