विनंती थांब्यावरची टाळी

मी दूध संघाच्या लॅबमध्ये काम करतो. सकाळी कॅन येतात, नमुना काढायचा, मशीनला लावायचा, येईल तो आकडा लिहायचा. समोरचा कितीही शपथा घेऊ दे, दुधात पाणी असलं तर मशीन सांगतंच. त्यामुळे कुणाला हाक ऐकू आली, कुणाला सावली दिसली, असल्या गोष्टी वाचायला मला आवडायच्या खऱ्या, पण वाचून झालं की बायकोला म्हणायचो, "ह्याचं सॅम्पल कुणी तपासलं?" आज मीच लिहायला बसलोय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं... मीही हसलोच असतो.

दस्तगीर माझा मित्र. आठवीपासूनचा. त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं, पुढं दुकान आणि पडद्यामागं घर. तरुणपणी एका वर्कशॉपात प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "आठ बोटांत भागतंय की," म्हणायचा.

आम्हा दोघांना एकच वेड होतं – 'फुटका भोंगा'. मराठी रॉक बँड, चार जण, केस वाढवलेले, आवाज फाटका. माझ्या वडिलांनी एकदा त्यांची कॅसेट ऐकून टेपच बिघडलाय असं समजून दुरुस्तीला दिला होता. पण आम्ही त्यांच्यामागं गावोगाव फिरलो. एस.टी.नं, ट्रकनं, दस्त्याच्या स्कूटरवरनं. आणि परत येताना एकच भांडण... कुठला शो भारी झाला? पुण्याला हॉल बंद, त्यामुळं बेस पोटात घुमतो. सोलापूरला मैदान मोठं, पण आवाज वाऱ्यावर जातो. सांगलीची पोरं गाणारी. असं एकेका गावाला आम्ही वर-खाली करत यायचो. त्यात माझं म्हणणं ठरलेलं, आपलं कोल्हापूरच एक नंबर. आणि दस्त्याचंही ठरलेलं, कोल्हापूर शेवटून पहिलं. त्याला कारण होतं. ते सांगतो.

बँडचं शेवटचं गाणं म्हणजे 'विनंती थांबा'. फाट्यावर एस.टी.ची वाट बघत बसलेल्या माणसाचं गाणं आहे. त्यात शेवटच्या कडव्याआधी सगळं अचानक थांबतं. गिटार, ड्रम, गाणारा, सगळं. तीन-चार सेकंद पूर्ण शांतता आणि मग ड्रमवाला धाडकन सुरू करतो. सांगलीच्या पहिल्या शोला आम्हाला हे माहीत नव्हतं. दस्त्याला वाटलं गाणं संपलं. त्यानं त्या शांततेत जोरात एक टाळी मारली. एकट्यानं. हजारभर माणसं गप्प आणि ह्याची एक टाळी. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. पण ड्रमवाला हसला, त्यानं त्या टाळीवरच पहिला ठोका धरला आणि मैदान पेटलं.

तेव्हापासून ती दस्त्याची टाळी झाली. प्रत्येक गावात डाव्या स्पीकरसमोर दहा पावलांवर उभं राहायचं आणि त्या शांततेत एक टाळी मारायची. ड्रमवाला वाट बघायला लागला. त्याला माणूस माहीत नव्हता, टाळी माहीत होती. आठ बोटांची ती टाळी इतरांसारखी वाजायचीच नाही. रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर थाप मारावी तशी यायची... ठप्प.

पण त्यानं एक नियम काढला होता. "बाहेरगावात माझी, गावात तुझी. कोल्हापुरात तू मारायचीस."

कोल्हापुरात बँड दोनदा आला. दोन्ही वेळा मी हात वर घेतले आणि दोन्ही वेळा खाली घेतले. आजूबाजूला ओळखीचे लोक होते, संघातले दोघं-तिघं होते. वाटलं, चुकीच्या वेळी वाजली तर? दस्त्या शेजारी उभा राहून नुसता बघत होता. त्यानं माझ्याऐवजी मारली नाही. ड्रमवाल्यानं थोडी वाट बघितली आणि स्वतःच सुरू केलं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "गावातच टाळी न्हाय. शेवटून पहिलं."

"अरे, साउंड बघ की. पुण्यापेक्षा..."

"साउंड घाल चुलीत. टाळी न्हाय म्हंजे न्हाय."

मग बँड मोडला. कुणी नोकरीला लागला, कुणी परदेशात गेला. आम्हीही संसाराला लागलो. शो नाही, पण भांडण चालूच राहिलं. दर रविवारी दुकानात चहा पिताना त्याच त्या गावांचं वर-खाली. चहा मागायची त्याची पद्धतही तीच. कापड कापायच्या टेबलाशी बसल्या बसल्या एक टाळी मारायचा, की पडद्यामागून भाभींचा आवाज यायचा, "आऽले." लग्नापासून त्यानं बायकोला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात बातमी आली की बँड पुन्हा एकत्र येतोय. पाच गावांची टूर – नाशिक, पुणे, सोलापूर, सांगली, कोल्हापूर. दस्त्यानं कापडावर खुणा करायच्या खडूनं दुकानाच्या भिंतीवर पाचही नावं लिहिली. मी म्हणालो, रजा मिळते का बघतो.

"बघतो न्हाय. यायचं. पाचीच्या पाची."

"वय काय आपलं, दस्त्या..."

"कोल्हापूर शेवटी हाय टूरमधी. तवर हात गरम करून ठेव."

मी हसलो. रजा मिळणार नव्हती असं नाही. मी मागितलीच नव्हती. वाटलं, बघू, अजून वेळ आहे. नंतर पंधराव्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करताना दस्त्या खाली बसला, तो परत उठलाच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

बँडच्या जुन्या चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. टूर सुरू झाली ती हिवाळ्यात. मी कुठल्याच शोला गेलो नाही. दस्त्याशिवाय डाव्या स्पीकरसमोर उभं राहायची ताकद माझ्यात नव्हती. पण ग्रुप वाचत होतो. नाशिकच्या शोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या डॉकवर कॅन उतरत असताना मेसेज बघितला. कुणीतरी लिहिलं होतं – 'विनंती थांबाला त्या गॅपमध्ये कुणीतरी एकच टाळी मारली. ड्रमरने तीच पकडली. शहारे आले भावांनो.'

मी मनाला समजावलं. जुना कुणी चाहता असेल, त्याला ती पद्धत आठवत असेल. पुण्याचा शो झाला. पुण्याच्या एका डॉक्टर मुलीनं लिहिलं – 'नाशिकवाल्यांची टाळी इथेपण झाली. डाव्या स्पीकरजवळून आली. माणूस दिसला नाही.' सोलापूर झालं. तिथल्या एकानं लिहिलं – 'टाळी कसली, डब्यावर थाप मारल्यासारखं वाजलं. कोण आहे हा, सगळीकडे फिरतोय?' मग ग्रुपवर नेहमीचं भांडण लागलं, कुठल्या गावची टाळी भारी. मी लॅबमध्ये बसून ते वाचत होतो आणि एक नमुना मशीनला लावायचा तसाच राहिला.

दस्तगीरबद्दल त्या ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं. तो ग्रुपवर नव्हताच. शोमध्ये फोन खिशातून काढायचा नाही हा त्याचा दुसरा नियम. त्यामुळं त्याच्या टाळीचं एकसुद्धा रेकॉर्डिंग नाही. तो गेल्यावर मी सगळा फोन धुंडाळला होता. फोटो होते, कुणाच्यातरी लग्नाचा व्हिडिओ होता, त्यात तो बिर्याणी वाढतोय. टाळी कुठंच नाही.

सांगली तासाभराच्या अंतरावर. तिथं तरी जायला हवं होतं. बायको म्हणाली, "जावा की, मन मोकळं हुईल." मी गेलो नाही. भीती वाटली, पण भुताची नाही. मी गेलो आणि टाळी आलीच नाही तर? घरी बसलं की निदान ती कुठंतरी वाजतेय एवढं तरी राहत होतं. सांगलीच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला. टाळी झाली होती.

मग कोल्हापूर. कळंब्याच्या रस्त्याला एका कॉलेजचं पटांगण आहे, तिथं. परीक्षा जवळ असल्यानं शो दुपारी चारला सुरू करून दिवस मावळायला संपवायचा होता. मी तीनलाच गेलो. डाव्या स्पीकरसमोर दहा पावलं मोजली आणि उभा राहिलो. शेजारी एका माणसाची जागा सोडली. गर्दी वाढली तशी पोरं त्या जागेत घुसायला लागली. "पावणं, हितं कोण हाय का?" एकानं विचारलं. मी म्हणालो, "हाय. येतोय." तोंडातून गेलं ते गेलं.

गाणी झाली. गाणारा आता टकला झालाय, पण आवाज तेवढाच फाटका. शेवटी 'विनंती थांबा' लागलं. ऊन तिरकं होऊन ड्रमच्या झांजांवर चमकत होतं. माझे कान इतके ताणले होते की मला गाणं ऐकूच येत नव्हतं. मी फक्त त्या शांततेची वाट बघत होतो. मनात एकच होतं – एकदा, दस्त्या. एकदा ऐकव.

सगळं थांबलं.

एक सेकंद. दोन. तीन. काहीच नाही. ड्रमवाला काठ्या वर धरून थांबला होता आणि डाव्या बाजूला, आमच्याकडंच बघत होता. चार... पाच. लोक चुळबुळायला लागले. चार गावं फिरला आणि माझ्या गावात आला नाही, असं वाटून मला त्याचा राग आला. खरंच राग आला. आणि त्या रागातच आठवलं.

गावात तुझी.

माझे हात कधी वर गेले ते मला माहीत नाही. टाळी बसली. डाव्या तळव्याला चटका बसल्यासारखं झालं, ड्रम धाडकन सुरू झाला आणि सगळं पटांगण ओरडलं. मी तिथंच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. एका पोरानं पाण्याची बाटली दिली. मी टाळी मारली होती. पण मला जी ऐकायची होती, ती काही ऐकू आली नव्हती.

घरी येऊन चपला काढतोय तोवर ग्रुप खणखणायला लागला. 'कोल्हापूर नंबर एक.' 'टाळी तीच.' 'सोलापूरला होता तोच माणूस.' शिरोळच्या एका मुलीनं त्या गॅपचा व्हिडिओ टाकला होता. स्टेजचा, माणसं दिसत नव्हती. मी तो लावला. शांतता... शांतता... आणि ठप्प.

मला दहा बोटं आहेत. दुसऱ्या दिवशी लॅबच्या धुण्याच्या खोलीत मी वीस वेळा टाळी मारून रेकॉर्ड केली. मग गच्चीवर, मग त्याच पटांगणात जाऊन. दोन बोटं दुमडूनही मारून बघितली. एकही तशी वाजली नाही. सुट्टीवर आलेला माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, मामा, फोनचा माइक आवाज दाबतो, मैदानाचा घुमारा असतो. असेल. मीही तेच म्हणालो असतो. पण मग फोनमध्ये नाही, तर कानांनी ऐकलेल्या त्या चार गावच्या लोकांचं काय करायचं?

भाभींना हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. बाईचं दुःख आता कुठं खपली धरतंय, त्यावर आपण नख कशाला लावा. पण रविवार आला तसा पाय सवयीनं दुकानाकडं वळले. दुकान आता त्या आणि त्यांचा भाऊ मिळून चालवतात. भाऊ माल आणायला गेला होता, भाभी पडद्यामागं स्वयंपाकघरात होत्या. मी आल्याचं त्यांना ठाऊकही नव्हतं. मी कापड कापायच्या टेबलाजवळ त्याच्या स्टुलावर बसलो. भिंतीवर ती पाच गावं अजून होती, खडू थोडा पुसट झालेला. राहवलं नाही म्हणून फोन काढला आणि व्हिडिओ लावला. ड्रम परत सुरू व्हायच्या आधीची शांतता, आणि ठप्प. मी लगेच बंद केला.

पडद्यामागून आवाज आला, "आऽले."

कपबशीचा आवाज झाला. मग तो थांबला. पडदा बाजूला झाला. भाभी दारात उभ्या होत्या, हातात चहाचा एकच कप. माझ्याकडं बघितलं, रिकाम्या दुकानाकडं बघितलं.

"संजयभाऊ," त्या म्हणाल्या, "आत्ता कुणी मारली?"

मी फोन दाखवला. सगळं सांगितलं, पाचही गावांचं. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, नेहमी ठेवायच्या त्याच कोपऱ्यात. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "परत लावा."

मी परत लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. या वेळी 'आऽले' म्हणाल्या नाहीत.

मी आजही लॅबमध्ये आकडे लिहितो. भुतांवर माझा विश्वास नाही, आत्म्यांवरही नाही, आणि या गोष्टीचं सॅम्पल मी माझ्या परीनं सगळ्या बाजूंनी तपासलंय. कारण सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर सांगू नका, अशी माझी विनंती आहे. रविवारी मी दुकानात जातो. भाभी म्हणतात, "लावा." मी लावतो. पाच गावांच्या यादीत त्यांनी खडूनं एकच बदल केलाय. कोल्हापूरचं नाव शेवटून खोडून सगळ्यांच्या वर लिहिलंय.