ट्रिगर जड लागतोय

आमच्या रायफलीचा मूळचा ट्रिगर खरोखरच वाईट होता, हे आधी सांगायला हवं. बावीस बोअरची ती नेमबाजीची रायफल आम्ही जुनीच घेतली होती. आधीच्या मालकाने ती हौसेने आणली, काही वर्षं वापरली आणि मग कपाटात ठेवून दिली. नळी उत्तम होती. बोल्ट मागेपुढे करताना कुठे अडायचा नाही. पण ट्रिगर ओढायला घेतला की आधी नुसताच मागे यायचा, मग खरखरायचा, मग अडायचा, आणि कंटाळून जोर लावला की बार उडायचा. तोवर नळीचं टोक लक्ष्यावरच्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर गेलेलं असायचं.

मी आणि माझे मिस्टर, दोघंही कॉलेजात एनसीसीत होतो. ओळखही तिथल्याच एका शिबिरातली. लग्नानंतर ते पाटबंधारे खात्यात लागले, मी हायस्कूलमध्ये गणित शिकवायला लागले आणि सातपूरच्या कॉलनीत दोन खोल्या घेऊन आम्ही राहू लागलो. दर रविवारी सकाळी स्कूटरवर रायफल आडवी बांधून त्र्यंबक रस्त्याकडच्या रेंजवर जायचं, हा आमचा नेम. रेंज म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी मातीचा बांध, पत्र्याची शेड आणि शेडखाली चटया. परवाना मिस्टरांच्या नावावर होता, त्यावर वापरणारी म्हणून माझंही नाव चढवलेलं होतं. कॉलनीतल्या बायका मला बंदूकवाल्या बाई म्हणायच्या. मला त्याचं काही वाटत नसे.

सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागायच्या सुमाराला पुण्याच्या एका नेमबाजाने त्याच्याकडचा परदेशी ट्रिगर आम्हाला दिला. त्याच्या रायफलीला तो बसत नव्हता. आमच्या रायफलीलाही सरळ बसला नाहीच. मिस्टरांनी पावसाळाभर रविवारी दुपारी खाली वर्तमानपत्र पसरून ते काम केलं. फायरिंग पिनला अडवून धरणारा एक लहानसा दाता असतो. ट्रिगर ओढला की तो निसटतो आणि बार होतो. त्या दात्याची धार न मोडता त्याचा खडबडीतपणा तेवढा काढायचा होता. तेलाच्या दगडावर दोन हात मारायचे, पुसायचं, भिंग लावून बघायचं, पुन्हा दोन हात. मी शेजारी बसून पेपर तपासायची. मधूनच ते मला बोलवायचे. आत रिकामं काडतूस घालून मी खटका ओढून बघायची आणि "अजून खरखरतंय" किंवा "आता बरंय" म्हणायची. तेव्हा माझ्या बोटाला बारीकसारीक सगळं कळत होतं. मिस्टर म्हणायचेसुद्धा, "मला समजत नाही ते तुझ्या बोटाला समजतं."

त्या ट्रिगरला दोन स्क्रू होते. एकाने स्प्रिंग कमीजास्त करता यायची, दुसऱ्याने दाता किती खोल अडकेल ते ठरायचं. शिवाय त्याचे दोन टप्पे होते. आधी थोडा मोकळा मागे येऊन थांबणार, मग पुढच्या दाबाला सुटणार. मला तो पहिला टप्पा नको होता. एकदम काच तडकल्यासारखा सुटणारा खटका मला हवा होता, म्हणून पहिला टप्पा आम्ही बंदच केला. स्पर्धेत ट्रिगर फार हलका चालत नाही. रायफल उभी धरून त्याला ठरलेलं वजन टांगतात. वजन उचललं गेलं आणि खटका पडला नाही तर पास. घरी तपासायला आम्ही पत्र्याच्या डब्यात वाळू भरून किराणावाल्याकडून तेवढंच वजन करून आणलं होतं. मिस्टरांनी डबा टांगला, उचलला, खटका पडला नाही. त्या हिवाळ्यात मी आयुष्यातले सगळ्यात चांगले गट मारले, गोळ्या एकमेकींना चिकटून लागायच्या.

पुढच्या वर्षी कधीतरी मी पहिल्यांदा म्हणाले, "अहो, ट्रिगर जड लागतोय."

त्यांनी रायफल खोलली, पुसली, डबा टांगून पाहिला. वजन तेवढंच.

"आहे तसाच आहे," ते म्हणाले.

"मला जड लागतोय."

त्यांनी स्प्रिंग थोडी ढिली करून दिली. काही आठवडे बरं वाटलं. मग पुन्हा तसंच. पुढच्या वेळी मीच स्क्रू फिरवला आणि त्यांना सांगितलं. ते मारायला चटईवर पालथे झोपले की म्हणायचे, "अगं, हा फार हलका झालाय, मी तयार व्हायच्या आत सुटतोय." ते घट्ट करायचे. माझी पाळी आली की मी ढिला करायची. स्कूटरवरून येताना कधी त्यावरून आमची कुरबुर व्हायची. बहुतेक वेळा तीही होत नसे. बोलायचा मला कंटाळा यायला लागला होता.

शाळेत खडू मोडायचे. फळ्यावर लिहिताना मी ते फार दाबून धरत असले पाहिजे. दर्जा खराब झालाय, असं मी शिपायाला सांगितलं.

उन्हाळ्यात सिन्नरकडच्या गावाहून सासूबाई आल्या होत्या. भाकरी करताना तव्यावरची भाकरी मी नुसत्या बोटांनी उलटायची, आणि गरम पातेलं फडक्याशिवाय उतरवायची. त्या बघत बसलेल्या असायच्या. शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सुनंला चटका म्हून ठावं नाय. लय सोशिक हाय." मला बरं वाटलं. सासूबाई सहसा कुणाचं कौतुक करत नसत.

त्याच उन्हाळ्यात रेंजवर ते झालं. मी चटईवर पालथी झाले, रायफलीचा पट्टा दंडात अडकवला, काडतूस घातलं, बोल्ट बंद केला. अजून गाल लाकडाला टेकवला नव्हता. आणि बार झाला. गोळी लक्ष्याच्या बरीच अलीकडे जमिनीत गेली, धूळ उडाली. कुणाला काही झालं नाही. पुढे कुणी नव्हतंच.

क्लबचे सेक्रेटरी शेडमध्येच उभे होते. एरवी गप्पिष्ट माणूस. त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांचा गोळीबार थांबवला आणि माझ्याजवळ आले.

"बाई, बोट आत होतं का?"

मी हाताकडे पाहिलं. बोट ट्रिगरवर होतं की नव्हतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी रायफल घेतली, रिकामी केली, क्लबचं वजन टांगलं. वजन जमिनीवरून हललंसुद्धा नाही, त्याआधीच खटका पडला. दुसरं, त्याहून हलकं टांगलं. तरी पडला. त्यांनी मिस्टरांकडे पाहिलं. "हा ट्रिगर घेऊन रेंजवर येऊ नका," एवढंच म्हणाले.

येताना मिस्टरांनी स्कूटर नेहमीपेक्षा जोरात हाकली. मला वाटलं रागावलेत. चहा झाल्यावर त्यांनी माचिस आणली, मला समोर बसवलं आणि म्हणाले, "डोळे मीट. हात पुढे कर. काडीचं टोक टेकवलं की कोणत्या बोटाला ते सांग."

मी डोळे मिटले. वर पंखा फिरत होता. शेजारी रेडिओवर क्रिकेट चाललं होतं.

"करंगळी," मी म्हणाले. "पुन्हा करंगळी. तिच्या शेजारचं."

मग बराच वेळ काही झालं नाही.

"लावा ना," मी म्हणाले.

मी डोळे उघडले. काडीचं टोक माझ्या उजव्या तर्जनीवर रुतलेलं होतं, कातडीला खळगा पडला होता.

दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. मग त्यांनी काडी पेटीत परत ठेवली.

सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी कापसाचा बोळा लावून बघितला, मनगट आणि कोपर चाचपलं. ब्लाउजच्या बाहीच्या खाली, दंडाच्या मागच्या बाजूला एक फिकट चट्टा होता. मला स्वतःला तो कधी दिसलाच नव्हता. तिथे टाचणी टोचली तेही मला कळलं नाही.

"काय करता तुम्ही?"

"शिक्षिका आहे. गणित शिकवते."

"हा कुष्ठरोग आहे," ते म्हणाले. सर्दी आहे म्हणावं तशा आवाजात. "हातापायाची वाट लागेल असं मनात आणू नका. वेळेवर आलात. गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. बोटांतली जाणीव परत येईल असं मात्र मी सांगणार नाही."

"घरात कुणाला..." मिस्टरांनी विचारलं.

"यांच्या प्रकारात सहसा दुसऱ्याला होत नाही. तुम्हालाही तपासतो. पण बाई, एक गोष्ट. ह्या हाताला कळत नाही, तर आता डोळ्यांनी बघायचं. गरम आहे का, धार आहे का, आपण किती दाबतोय."

मी मान हलवली. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे राहिलेत, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. परत येताना भाजी घेतली. गवार कोवळी मिळाली होती. घरी येऊन ती निवडली. रडू येईल म्हणून थोडी वाट पाहिली. आलं नाही, मग कुकर लावला.

सासूबाईंना नस दबली असं सांगितलं. शाळेत काहीच सांगितलं नाही. आई-वडिलांनाही नाही. मिस्टर रोज जेवणानंतर गोळी आणि पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवायचे, मी घ्यायची. त्यांच्यात दोष काढावा असं काही नव्हतं. फक्त एक दिवस न्हाणीघरात दोरीवर दोन टॉवेल दिसले. आधी आमचा एकच असायचा. तो दुसरा टॉवेल पुढे कधी गेला, ते माझ्या लक्षात आलं नाही. नंतर कधीतरी बघितलं तर दोरीवर एकच होता.

सगळं नीट चाललं होतं. मी शिकवत होते, स्वयंपाक करत होते, बुद्धविहारात वंदनेला जात होते, हळदीकुंकवाऐवजी आमच्या कॉलनीत बायकांची भिशी असायची तिथे बसत होते. लोक बोलायचे ते काचेपलीकडून आल्यासारखं वाटायचं. बोटांचं जे झालं होतं तेच वर डोक्यापर्यंत गेलं की काय, असं मला वाटलं. डॉक्टरांना मी ते विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतं.

रायफल कपाटात होती. एका रविवारी मी शाळेच्या कामावरून आले तर जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर ट्रिगर खोलून ठेवलेला, आणि मिस्टर स्क्रू फिरवत बसलेले.

"विकायचीय का?" मी विचारलं.

"नाही. जड करतोय."

"मला हलकाच कळत नाही, जड काय कळणार?"

"हलका म्हणूनच कळत नसेल. तू झोप तर खरी."

चटई घातलेली होती. साडीचा पदर खोचून मी झोपले. बंद केलेला पहिला टप्पा त्यांनी पुन्हा चालू केला होता आणि दुसऱ्याला चांगला दाब ठेवला होता. रिकामं काडतूस आत घातलं.

"टोकाने नको ओढू. मधल्या पेराने ओढ. तिथे कळतं ना तुला?"

मधल्या पेराच्या आतल्या बाजूला मला थोडं कळत होतं. मी ओढलं. ते माझ्या शेजारी जमिनीवर गाल टेकवून माझ्या बोटाकडे बघत होते.

"आलं का मागे?"

"हो. थांबलं."

"बोटाला कळलं?"

"नाही. मनगटाला."

खरंच मनगटाला कळलं होतं. भिंतीला हात टेकावा तसं काहीतरी कोपरापर्यंत येऊन थांबलं होतं. मग मी दाब वाढवत गेले आणि खटका पडला.

"पुन्हा," ते म्हणाले.

ती दुपार आम्ही जमिनीवरच काढली. त्यांनी दोनदा स्प्रिंग बदलली. एक फार कडक होती, तिने माझा हातच थरथरायचा. शेवटी जी ठेवली ती स्पर्धेच्या वजनाहून बरीच जड होती. आता त्यांना स्वतःला ती रायफल आवडेना. "बैलगाडीचा ब्रेक आहे," म्हणाले. पण त्यांनी तो बदलला नाही. स्वतः ते क्लबच्या रायफलीने मारू लागले.

आम्ही पुन्हा रेंजवर गेलो तेव्हा सेक्रेटरींनी आधी वजन टांगलं. उचललं गेलं. अजून एक जोडलं, तरी उचललं गेलं. ते हसले. "आता काय दरवाजा ओढायचाय का बाई?"

"हो, मला असाच लागतो," मी म्हणाले.

बोट कुठे आहे ते मी प्रत्येक वेळी मान वळवून डोळ्यांनी बघायची, मगच गाल लाकडाला टेकवायची. त्यात वेळ जायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेत माझ्या शेवटच्या काही गोळ्या वेळेअभावी घाईत गेल्या. बायकांत तिसरी आले. आम्ही चौघीच होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, देवळा गावच्या एका शिक्षिकेने येऊन माझा हात हातात घेतला आणि दाबला. तिने दाबला हे मला तिच्या चेहऱ्यावरून समजलं.

"कसं वाटलं?" मिस्टरांनी स्कूटर काढताना विचारलं.

"ठीक," मी म्हणाले. ते खरंच होतं, आणि त्या काळात ठीक वाटणं माझ्यासाठी बरंच होतं.

गोळ्या पुढे बदलल्या, नवी औषधं आली, आणि काही वर्षांनी डॉक्टरांनी कार्डावर औषध बंद असं लिहिलं. चट्टा गेला. तर्जनी आणि अंगठा तसेच राहिले. मिस्टरांची धुळ्याला बदली झाली, तिथे जवळपास रेंज नव्हती, म्हणून सगळी कागदपत्रं करून रायफल क्लबलाच दिली. द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती स्वच्छ केली, नळीतून तेलाचं फडकं फिरवलं आणि स्क्रू ड्रायव्हर हातात धरून मला विचारलं, "पुढच्यासाठी हलका करून ठेवू का?"

"ज्याला हवा तो करून घेईल," मी म्हणाले आणि भांडी बांधायला आत गेले.