चावी कुणाकडं असते?

दार उघडं असो, बंद असो, नाहीतर मुळात दारच नसो, मामा उंबऱ्यावर थांबायचे, चौकटीवर दोनदा बोट वाजवायचे आणि विचारायचे, "येऊ का आत?" आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनला दार नव्हतं. नुसतं शटर, तेही दिवसभर वर गेलेलं. तिथंही विचारायचे. मी तर त्यांना मुतारीच्या तोंडाशी विचारताना पाहिलंय. आतल्या माणसानं काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा!

या सगळ्याची नक्कल मी फार झकास करायचो. नव्वदच्या दशकात शिरूरकडं कारखाने आले, तेव्हा आम्ही दोघं एकाच मेंटेनन्स खात्यात लागलो. ते फिटर, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, गाव केंदूरच्या पुढं. मी दौंड तालुक्यातला. सगळे त्यांना मामा म्हणत, मला पाटील. कॅन्टीनमध्ये गोष्ट सांगावी तर पाटलांनीच, असा माझा तेव्हा रुबाब होता. लोकांच्या हातातला चहा गार व्हायचा. तो रुबाब गेला कसा, ते ऐका.

कारखान्यानं इटलीहून एक मशीन घेतलं. ते शिकायला एका माणसाला तीन महिने तिकडं पाठवायचं ठरलं. साहेबांनी पहिलं बोलावलं मला. मी आधीच कोट घालून फोटो काढला होता, पासपोर्ट करून घेतला होता, भावकीत पेढे सोडून बाकी सगळं वाटून झालं होतं.

साहेब उत्तरेकडचे. म्हणाले, "आप जाएंगे?"

आता आपल्याकडं पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा 'कशाला उगीच'. तिसऱ्यांदा 'बरं, एवढा आग्रह करताय तर'. अर्धा कप चहासुद्धा आपण असाच पितो. मी हात जोडले. "मेरा क्या साहब, मामा को भेजो. सीनियर हैं."

"बहुत अच्छा," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदावर मामांचं नाव लिहिलं. मी आग्रहाची वाट बघत तिथंच उभा. तोवर मामा दारात आले. "येऊ का आत?" साहेबांनी विचारलं, "जाओगे?" मामा म्हणाले, "जातो."

संपलं. माझी इटली एका शब्दात गेली.

वाटलं, हा माणूस तीन महिने भात शोधत फिरेल आणि वाळून परत येईल. ते परतले गाल भरून. कॅन्टीनच्या शटरपाशी थांबले, दोनदा बोट वाजवलं आणि म्हणाले, "पेर्मेस्सो?"

"हे काय मामा?"

"तिकडं समदेच इचारत्यात. घरात शिरताना, 'पेर्मेस्सो?' म्हंजी येऊ का. आन् आतनं म्हणत्यात, 'प्रेगो.' म्हंजी या की."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी "पेर्मेस्सो?" म्हणायचा अवकाश, अख्खी कॅन्टीन ओरडायची, "प्रेगो!" माझी नक्कल त्या दिवशी वारली.

मग त्यांच्या रविवारच्या गोष्टी सुरू झाल्या. तिथल्या वॉचमनची सायकल घेऊन ते रानात निघायचे. द्राक्षांचे मळे, टेकड्या आणि मधेच एकटं उभं असलेलं दगडी चर्च. आठ-नऊशे वर्षांचं, पण आपल्या खताच्या गोदामाएवढं. दाराला कुलूप. मामांनी आपण गावात करतो तेच केलं. जवळच्या घरी जाऊन हातवारे केले : चावी कुणाकडं असते? पिठाच्या हातांची एक म्हातारी बाहेर आली. वीतभर लांब चावी तिनं त्यांच्या हातात ठेवली आणि परत कणीक मळायला गेली.

"ती बरोबर आली नाही?" मी विचारलं.

"न्हाई."

"नाव-गाव विचारलं नाही?"

"न्हाई ना पाटील! माझ्या आज्याचा जल्म गेला, गावातल्या देवळाची पायरी न्हाई चढू दिली त्याला. आन् ह्या बाईनं चावीच दिली."

ते हसत हसत बोलले. मामांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, देवळाचं त्यांना काही अडलेलं नव्हतं. आमच्या घरात मात्र खुंटीला गावच्या देवळाची चावी तीन पिढ्या टांगलेली. मी घाईघाईनं विचारलं, "मग कुलूप उघडलं का?"

पुढं ऐका. कुलूप गंजलेलं. मामांच्या खिशात तेलाची बारकी कुपी असायचीच. त्यांनी कुलपात तेल सोडलं, बिजागऱ्यांना सोडलं, बूट बाहेर काढले आणि आत गेले. भिंतीवरची चित्रं निम्मी पुसलेली, फरशी बर्फासारखी. तासाभरानं बाहेर येऊन बघतात तो बूट गायब!

"म्हटलं, चला, देवळातनं चप्पल जाती ती हितंबी जाती."

पण बूट नेले होते म्हातारीनं. एवढ्या थंडीत हा माणूस पायतण काढून आत गेला, म्हणून तिनं ते चुलीशी शेकत ठेवले होते. गरम बूट घालून मामा परतले. पुढच्या रविवारी म्हातारीनं त्यांच्या हाती चिठ्ठी दिली, पुढच्या गावातल्या नणंदेसाठी. तिच्याकडं तिथल्या चर्चची चावी. मग तिसऱ्या गावची. जिथं जातील तिथं कुलपाला तेल घालायचे. शेवटी एका मठात पोचले, तिथल्या साधूंनी पंगतीला बसवलं.

"पण जेवताना कुणी एक शबूद बोलत न्हाई," मामा म्हणाले. "पाटील, तुम्ही असता तर ताट म्होरं असून उपाशी मेला असता."

कॅन्टीन खो खो हसली. मीही हसलो. आतून जळून कोळसा.

मनात म्हटलं, थापा आहेत. मशीन बसवायला इटलीचा इंजिनिअर आला, तेव्हा सगळ्यांदेखत मी त्याला मोडक्या इंग्रजीत विचारलं, "आमचे मामा तुमच्या चर्चमध्ये गेले होते म्हणतात. खरं का?" तो म्हणाला, "बूट काढणारे? ते कुठं आहेत?" आणि त्यानं बॅगेतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. ती वीतभर चावी. चर्चला नवीन कुलूप बसलं होतं, म्हातारीनं जुनी चावी तेलवाल्या पाहुण्याला पाठवली होती.

टाळ्या सगळ्यात जोरात मी वाजवल्या. जळणारा माणूस नेहमी तेच करतो.

संध्याकाळी मामा म्हणाले, "पाटील, या की घरी. चावी बघा, मटण करू."

मी म्हणालो, "बघू. कशाला उगीच तुम्हाला त्रास."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. एकदा विचारायचं आणि मिळेल ते उत्तर खरं मानायचं, असा तो माणूस. मी मात्र दुसऱ्या आमंत्रणाची वाट बघत राहिलो. ते रिटायर झाले तरी बघत राहिलो. न जाण्याचं कारण नुसती जळजळ होती, दुसरं काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलोय.

ते गेल्याचं मला महिन्यानं कळलं. मग गेलो. घराला कुलूप. त्यांची बायको लेकीकडं दौंडला गेली होती. शेजारच्या अंगणात एक बाई शेंगा फोडत बसलेली. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कंपनीतले नव्हं? चावी बघाया आला आसाल."

"हो. पण घर बंद..."

"तेचं काय एवढं." तिनं कनवटीची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "बघा आन् आणून द्या माघारी. कंपनीतलं समदं येऊन गेलं. तुम्हीच ऱ्हायला व्हता." आणि ती परत शेंगा फोडू लागली.

कुलूप जुनं होतं, पण किल्ली अशी फिरली की आवाजसुद्धा झाला नाही. समोरच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीखाली, खिळ्याला ती इटलीची चावी. मी चपला काढल्या. चौकटीवर दोनदा बोट वाजवलं.

"पेर्मेस्सो?"

आणि उंबऱ्यावरच उभा राहिलो, सवयीनं, आतून कुणी आग्रह करील म्हणून.