नामदेवचा ब्रेक

धड चालणारी गाडी असली की माणूस कामाला जातो, घरी येतो, सांगण्यासारखं काही घडतच नाही. गाडी न थांबणारी असली की किस्से नुसते साचत जातात! सत्तर सालच्या आसपास आमच्या भिवपुरीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत अशी एक गाडी होती. नामदेव गायकवाडची. तो ऑपरेटर, मी त्याच्याच पाळीत.

मोटरसायकल लढाईच्या वेळची, मिलिटरीतून लिलावात निघालेली. आवाज असा की डोंगर दणाणायचा. पण पुढचं चाक धरणारा चिमटा जुन्या पद्धतीचा, मध्ये एक भलीमोठी स्प्रिंग, आणि पुढच्या ब्रेकचा ड्रम जेमतेम पेढ्याच्या डबीएवढा. ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करायची. नामदेव म्हणायचा, "ब्रेक हाय रं, पण त्याला घाई नाय!"

त्याचं नवं लग्न झालेलं. बायकोला, म्हणजे सुमनवहिनींना, मागं बसवून कडावला माहेरी न्यायचं, एवढ्यासाठीच त्यानं ती गाडी घेतली होती. आणि वहिनींनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "ब्रेक लागंल त्या दिवशी बसंन." बिचारा रोज गाडी पुसायचा, त्यातही मागची सीट जरा जास्तच.

*

मग वहिनी माहेरी जायच्या एसटीनं, आणि नामदेव एसटीच्या मागोमाग मोटरसायकलवर! वहिनी मागच्या खिडकीत, हा खाली धूळ खात. बस थांबली की हा पाय घासत घासत पुढं निघून जायचा, बस सुटली की पुन्हा मागं.

एकदा नवा कंडक्टर होता. त्यानं बराच वेळ हा प्रकार बघितला आणि वहिनींपाशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, तो माणूस केव्हाचा तुमच्या मागं लागलाय. गाडी चौकीवर घेऊ का?"

वहिनी म्हणाल्या, "असू द्या ओ, वळखीचा हाय."

*

कडावला सासऱ्यांचं घर अगदी रस्त्याला लागून. पहिल्यांदा नामदेव एकटाच मोटरसायकलवर तिथं गेला, तेव्हा सगळे ओट्यावर वाट बघत उभे होते. लांबून आवाज आला. जावई दिसले. जावयांनी हात जोडून जय भीमही घातला. आणि जावई तसेच पुढं निघून गेले!

सासूबाई रडकुंडीला आल्या. "काय चुकलं ओ आपलं?"

सासरे शांतपणे म्हणाले, "चहा ठेव. येताना थांबतील."

*

शेवटी आम्ही मित्रांनीच नामदेवला कर्जतच्या चारफाट्यावर बाबू मिस्त्रीकडं नेलं. बाबूनं रसायनीच्या एका भंगारवाल्याकडून दुसऱ्या मोठ्या गाडीचा तेलाचे शॉकअप असलेला चिमटा आणला, सोबत भल्यामोठ्या ड्रमचं चाक. जुन्या चिमट्याचं माप त्यानं सुतळीनं घेतलं होतं. पण बाबूच्या बायकोनं मधल्या काळात त्याच सुतळीनं मिरच्यांचं पुडकं बांधलं आणि उरलेली कापून टाकली, त्यामुळं चिमटा अंदाजानंच आणावा लागला.

नवा चिमटा बसला, तो चांगलाच उंच. गाडी मान वर करून उभी. नामदेव बसला, तर दोन्ही पाय हवेत!

"बाबू, पाय टेकत नायत रं!"

बाबू हात पुसत म्हणाला, "आता ब्रेक हाय ना? पाय कशाला पायजेत?"

*

नव्या ब्रेकची पहिली शिकार आमच्या ऑफिसातले देसाई. ते रोज नामदेवच्या मागं बसून ड्यूटीवर यायचे. गाडी थांबत नाही हे धरूनच चालायचे, त्यामुळं गेट दिसलं की चालत्या गाडीवरून उडी मारून बरोबरीनं पळण्यात ते पटाईत झाले होते. डबा हातात, टोपी डोक्यावर, एक थेंब आमटी सांडायची नाही.

त्या सकाळी गेट आलं. देसायांनी उडी मारली आणि त्याच क्षणाला नामदेवनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी! देसाई मात्र गेटातून आत, बाग ओलांडून, थेट साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत पळत गेले.

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वा देसाई! एवढा उत्साह?"

*

एवढं होऊनही वहिनींचा विश्वास बसेना. एका रविवारी त्या कॉलनीच्या रस्त्यावर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि लांब गाडीवर बसलेल्या नामदेवला म्हणाल्या, "हां. या आता!"

नामदेवला घाम फुटला. "बाजूला हो की गं!"

"ब्रेक हाय ना? मग या!"

आम्ही सगळे कुंपणाला चिकटलो. नामदेव आला. चांगला जोरात आला. ब्रेक दाबला, गाडीनं पुढं मान खाली घातली आणि चाक वहिनींच्या पायांपासून वीतभरावर थांबलं. त्यांनी पापणी हलवली नाही. नामदेवचे डोळे भरले होते. त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू!

वहिनींनी गाडीच्या दिव्यावरची धूळ पदरानं पुसली. "चहा पिऊन निघू," म्हणाल्या.

निघाले, तेव्हा त्या एका बाजूला पाय सोडून, कॅरियर घट्ट धरून बसल्या होत्या. दोघांच्या मध्ये आणखी एक देसाई बसतील एवढी जागा. कॉलनीतली म्हातारी माणसं बघत होती ना! गेटपाशी नामदेवनं ब्रेक दाबला आणि ती सगळी जागा संपली.

*

दसऱ्याला बसवलेले ब्रेकचे लायनर दिवाळीच्या आतच पार झिजले. नामदेव आणि वहिनी गाडी घेऊन बाबूकडं गेले, मीही सोबत होतो. बाबूनं चाक खोललं आणि डोक्याला हात लावला. काम कच्चं निघालं अशी चारफाट्यावर चर्चा झाली, तर त्याच्याकडं गिऱ्हाईक फिरकलं नसतं.

"घाटात गेलतास काय रं?"

"नाय. कडावला," नामदेव जमिनीकडं बघत म्हणाला.

"कडावला? आरं, रस्ता सरळसोट! दोन्ही बाजूला भाताची खाचरं. ना वळण, ना उतार. तिथं ब्रेक लागतो कशाला?"

नामदेवचे कान लाल. वहिनीच पुढं झाल्या. "म्हशी येतात ओ आडव्या. लय म्हशी हायेत त्या रस्त्याला."

"वयनी, मी परवाच गेलतो तिकडं," बाबू इरेला पेटला. "एक म्हस आडवी आली नाय मला!"

वहिनींनी पदर सावरला.

"तुमच्या मागं कोण बसलं व्हतं?"