त्याच्या वाटचं ताट

आज सकाळी स्वयंपाकघरात वाटीभर शेंगदाणे भिजत घातलेले दिसले आणि माझा जीव उगाचच चिडचिडला. भिजल्या शेंगदाण्यांना एक ओला, मातकट, कच्चा वास असतो. तो आला की बेळगावच्या खासबागेतली आमची कॉलेजच्या दिवसांतली खोली आठवते, खिडकीत ओळीनं मांडलेल्या वाट्या आठवतात, आणि इतक्या वर्षांनीही त्या उचलून बाहेर भिरकावून द्याव्यात असं वाटतं.

मी निपाणीचा, माझा खोलीतला सोबती नंदगडकडचा. आम्ही दोघं इंटरला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शेतकऱ्याच्या घरातला, रुंद खांद्यांचा, एका बैठकीत परातभर भात संपवणारा हा गडी. घराण्यातून कॉलेजात आलेला पहिलाच. त्या काळी विद्यार्थ्यांत आहाराच्या प्रयोगांची जणू साथच आली होती. कुणी चहा सोडी, कुणी साखर, कुणी पहाटे गार पाण्यानं न्हाऊन दिवसभर त्याचंच व्याख्यान देत हिंडे. बाकीच्यांचे संकल्प आठ दिवसांत हॉटेलातल्या भज्यांच्या वासानं विरघळत. याचा मात्र विरघळेना. आधी चहा गेला, मग मीठ गेलं, दिवाळीनंतर शिजवलेलं अन्नच गेलं. उरले ते शेंगदाणे, काकडी आणि दोन-चार केळी.

"अरं, आरशात तोंड बघ तुझं," मी म्हणायचो.

"शरीर हलकं झालं की डोस्कं तल्लख हुतंय. परीक्षेत बघ की," तो शांतपणे म्हणे. "पण घरी कळू द्यायचं न्हाय. शपथ हाय तुला."

त्या शांतपणाचा मला भयंकर संताप येई. मी ओरडलो, हात जोडले, दोन दिवस अबोला धरला. सगळं वाया. पण सांगायला जड जाते ती गोष्ट वेगळीच आहे. खानावळीत दोघांचं जेवण लावलेलं होतं. मावशी रोज दोन ताटं वाढायच्या आणि तो आपलं ताट माझ्याकडं सरकवायचा. पहिल्यांदा मी संकोचलो; मग सवय झाली. रविवारी शिऱ्याच्या दोन मुदी माझ्याच पोटात जात. त्याच्यावर रागवायचं आणि त्याच्याच वाटचं जेवायचं, असा माझा हिवाळा गेला. शपथ पाळणं मला सोपं का गेलं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

परीक्षा महिन्यावर आली असताना कॉलेजच्या जिन्यात तो मध्येच खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायची बंदी केली. मग मी त्याच्या घरी कळवलं. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं त्याचे वडील आले आणि मुलाच्या काटकुळ्या मनगटाकडं बघत राहिले.

"कवापासनं जेवत न्हाय त्यो?"

"दिवाळीपासून, आप्पा."

"आमाला एक कार्ड तरी टाकायचं हुतंस रं." मग माझा हात धरून म्हणाले, "असू दे. तू सोबतीला हुतास म्हणून निभावलं, लेकरा."

मी हात सोडवून त्याची वळकटी बांधायला घेतली. माझे गाल त्या हिवाळ्यात चांगलेच वर आले होते.

तो गावी गेला तो परतलाच नाही. मी पास झालो, वकील झालो. तो वर्षभरात पहिल्यासारखा धडधाकट झाला. खानापूरच्या बाजारात भेटला की पाठीत गुद्दा घालून हसायचा. पण शिकून पोरगं वाळलं, या धसक्यानं आप्पांनी धाकट्या मुलाची शाळा सोडवली. तो थोरल्यापेक्षा हुशार होता, असं थोरलाच सांगे.

गेल्या महिन्यात तो धाकटा माझ्याकडं जमिनीचा एक इंग्रजी कागद वाचून घ्यायला आला. मी वाचून अर्थ सांगितला. तो मान डोलवत ऐकत होता आणि अधूनमधून असं काही नेमकं विचारत होता की माझ्या हाताखालच्या वकिलांनाही सुचलं नसतं. जाताना म्हणाला, "लई उपकार झालं, अण्णा."

सोबत्यावरचा माझा राग केव्हाच निवला. स्वतःवरचा तेवढा राहिला आहे. वय वाढेल तसा तोही कमी होईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही.