टेकडीवाल्यांची धून

माझ्या धाकट्या बहिणीचा, ओस्लाचा, नवरा गिबी मोअट याने साठ वर्षांत दोनच गोष्टी मन लावून केल्या: फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, वाजवणं आणि त्याबद्दल बोलणं. मेंढ्या ओस्लाने राखल्या, चुलीत जाळायची पीटची माती ओस्लाने कापली.

त्याची मिरवायची धून एकच, 'कातळावरची नवरी'. स्कॉटलंडच्या उत्तरेला आमच्या शेटलंडच्या सगळ्या बेटांवर ती वाजते, कुठे सावकाश, कुठे खालच्या तारा चढवून. आमच्या गावात मात्र तिच्या दुसऱ्या भागातले दोन ठोके गायब आहेत. तिथे नाचणारे एक उडी घेतात आणि पुढे जातात. गिबीच्या मते अस्सल धून हीच. त्याचा आजा अर्चिबाल्ड टेकडीवर झोपला असताना त्याने ती टेकडीखाली राहणाऱ्या जादूच्या बुटक्या लोकांकडून ऐकली. "त्यांची मोजणी आपल्यासारखी नसते, विल्मा," हे मी तीस वर्षं ऐकतेय.

मग लेरविक शहरातून मिस रेंडल आल्या. त्या बेटांवरच्या धुनांचं पुस्तक काढणार होत्या, प्रत्येक धुनेखाली तिचा उगम. मोअट घराण्याचं नाव छापून यावं म्हणून गिबीने ओस्लाला स्वतःसाठी नवा स्वेटर विणायला बसवलं.

रविवारी दुपारी मटणाचं सूप ओरपून त्याने फिडल वाजवलं. वाजवतो बरा, नाही म्हणत नाही. मग डोळे मिटून टेकडीची गोष्ट सांगितली. मिस रेंडल भराभर लिहून घेत होत्या. आजवर मी गप्प बसले होते, पण छापलेलं पुसता येत नाही. मी उठले आणि गाडीतून आमच्या आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आणि त्यांची एक जुनी तबकडी घेऊन आले.

"हे काय आणलंस?" गिबी म्हणाला.

"तुझी टेकडी."

तबकडीवर तीच धून होती. दुसऱ्या भागात सुई खट्कन उडाली आणि तिने नेमके तेच दोन ठोके गिळले. तो ओरखडा माझ्या आईने सहा वर्षांची असताना विणायच्या सुईने पाडलेला. अर्चिबाल्ड दर शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात फुकटचा चहा ढोसत ही तबकडी ऐकायचा. टेकडीवर झोपलाही असेल, पण ते व्हिस्कीमुळे.

गिबी बधला नाही. "तबकडीवाल्यांनीही टेकडीवरच ऐकली असणार."

"आणि मधे खट् कोण करतंय?" ओस्लाने विचारलं. लग्नानंतर तिने त्याला विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा.

मिस रेंडलनी आपलं फिडल काढून पूर्ण धून वाजवली. ते दोन ठोके आले आणि आम्हा तिघांचेही ताल धरलेले पाय भलतीकडेच पडले.

"चुकलं," ओस्ला म्हणाली. मीही तेच म्हणणार होते.

पुस्तकात छापून आलं: 'या गावाची स्वतःची चाल. उगम: विल्माच्या घरच्या तबकडीवरचा ओरखडा.'

गिबीने ते पान चार दिवस कुणाला दाखवलं नाही. आता उन्हाळ्यात बोटीने पाहुणे आले की ते स्वतःच उघडून त्यांच्यापुढे धरतो, डोळे मिटतो आणि सांगतो की तो ओरखडा टेकडीवाल्यांनीच पाडला. पाहुणे माना डोलावतात. अंगात स्वेटर अजून तोच असतो.