मामीचं चिकट भाताचं बी

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी पालघर तालुक्यातल्या गावांतून देशी भाताची वाणं गोळा करत होते. तांदळात दोन तऱ्हांचा स्टार्च असतो. एकानं भात मोकळा होतो, दुसऱ्यानं चिकट. मोकळा करणारा स्टार्च ज्या एन्झाइममुळे बनतो, त्याच्या जनुकात वाणागणिक काय फरक पडतो, ते मला शोधायचं होतं.

पहिली चाचणी सोपी होती. दाणा ब्लेडनं कापायचा आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. साधा तांदूळ निळा-काळा होतो. एका पिशवीतले सगळे दाणे मात्र लालसर तपकिरी झाले. त्याच नावाचं, शेजारच्या गावातलं वाण निळं झालं होतं.

"भेसळ झालीय. हा नमुना काढून टाक," माझे मार्गदर्शक सर म्हणाले.

ती पिशवी माझ्या मामीनं दिली होती. बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला तिचा पावसावरचा जमिनीचा तुकडा. भात झोडून झाला की ती बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. मला भेसळीचं काही पटेना. रविवारी मी तिच्या घरी गेले.

"मामी, हे बी कुठून आणलंस?"

"कुठून आनायचं? आमच्याच शेतातलं हाय. तुज्या आजोबांचं दात पडलं. मोकळा भात त्यांना चावायचा नाय. मंग मीच निवडलं."

"म्हणजे काय केलंस?"

तिनं दोन लोंब्या आणल्या आणि दोन्हींतला एकेक दाणा नखानं सोलला. एक काचेसारखा निघाला, दुसरा दुधासारखा पांढरा.

"पांढरा चिकट होतो. कापनीच्या आधी लोंबी-लोंबीचा दाना सोलून बगायची. पांढरा निगाला का ती लोंबी बियाला. दरसाल."

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तिनं निवडणं सोडलं नव्हतं.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. "जनुक तपासूनच बघू," ते म्हणाले. अहवाल आला. मामीच्या भातात त्या जनुकात एक छोटा तुकडा जास्तीचा होता, त्यामुळे ते एन्झाइम तयारच होत नव्हतं. तपासलेल्या एकूणएक दाण्यांत तसंच. भेसळीचा मागमूस नव्हता. प्रबंधाच्या तक्त्यात, वाण निवडणाऱ्याच्या रकान्यात, मी मामीचं पूर्ण नाव लिहिलं.

सरांनी तिला वर्गावर बोलावलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती आली, टेबलावर लोंब्या पसरल्या आणि तासभर मुलांना दाणे सोलायला लावले. सर शेवटच्या बाकावर बसून लिहून घेत होते.

परतताना बोईसर स्टेशनाबाहेर आम्ही शेअर रिक्षात बसलो. तिच्या पॅकिंगमधली एक बाई शेजारी होती.

"आज ड्यूटी नहीं?" तिनं विचारलं.

"नाय. कॉलेज में सिखाके आयी," मामी म्हणाली, आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगू लागली.